चांदीच्या वाटीतला शेवट

हॅलो? … हॅलो, कोण बोलतंय? … वसू होय. अगं, जरा मोठ्यानं बोल, समोरच्या साइटवर सकाळपासून बोअर मारतायत… हां, आता येतंय ऐकू. बोल. हेब्बाळात बसून आज वहिनीची आठवण कशी झाली?

… हो, हो… अगं ऐक ना. तेच सांगायला मी करणार होते तुला फोन. तारीख मिळाली. सोमवारी सकाळी तुझ्या अण्णांच्या डोळ्याचं ऑपरेशन. … नाही, आता ढकलणार नाहीत पुढं. दुपारीच रिपोर्ट आला. शुगर उतरली. डॉक्टर म्हणाले, आता मोतीबिंदूला हात लावायला हरकत नाही.

… रडतेस काय? दोनदा परत पाठवलं तेव्हाचं रडणं आत्ता कशाला काढतेस? … कळतं गं मला. तुझा भाऊ आहे तसा माझा नवराही आहे. तीस वर्षं घड्याळाच्या कारखान्यात तिळाएवढी चाकं चिमट्यानं बसवली त्यांनी, आणि आता भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले ते मला विचारतात. मला. चौथीत शाळा सोडलेल्या बाईला.

… कुणामुळं म्हणजे? श्रीविद्यामुळं. माझ्या सुनेमुळं उतरली. … का? हसायला काय झालं?

… गवत? कोण म्हणालं गवत? … अण्णा म्हणाले तुला, की सून रात्री कढईत गवत परतून घालते? बरं. येऊ दे त्यांना फिरून, बघते. त्या गवतानंच डोळा मिळतोय म्हणावं.

… गवताला तिच्या भाषेत स्टर-फ्राय म्हणतात. लो-कार्ब स्टर-फ्राय. मी विचारलं, कार्ब म्हणजे काय गं? म्हणाली, भात, पोळी, बटाटा, साखर. मी म्हटलं, म्हणजे आपलं सगळं घरच की. तर हसली.

… अगं, तू बघितलं नाहीस म्हणून बोलतेस. पहिल्या दिवशी मीही नाक मुरडलं होतं. पण चाळीस वर्षं चुलीपुढं उभी राहिलेय, कोण राबतं आणि कोण नुसती भांडी वाजवतं, ते मला आवाजावरून कळतं. सकाळी सहाला उठून भाज्या धुते, चिरते. बीन्स तिरक्या, ढोबळी मिरची लांब, कोबी बोटभर रुंद. मग जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवते. पाण्याचा थेंब राहू देत नाही. म्हणते, भाजी कोरडी असली तर कढईत बोलते, ओली असली की रडत बसते. संध्याकाळी ऑफिस सुटलं की एचएसआर लेआउटवरून त्या ट्रॅफिकमधून जे. पी. नगरला येते. साडेसातला चपला काढते, आठला ताटं मांडलेली. … हो, अर्धा तास. त्यातही कढईपुढं दहाच मिनिटं. आपण दोघी दुपारी चारपासून रात्रीच्या सारासाठी चिंच भिजत घालणाऱ्या, आठव.

… कढई कुठली म्हणजे? तुझ्या आईची. ती लोखंडी, दोन कानांची. मी माळ्यावर टाकून दिली होती गं. हिनं काढली, राखेनं घासली, आठ दिवस तेल पाजलं. आता अशी काळी चमकते की तुझी आई बघायला हवी होती. कढई ठेवली की गॅस मोठा. धूर दिसेपर्यंत तेल घालत नाही. मग स्वल्प तेल, आलं, हिरवी मिरची. बीन्स आधी, ढोबळी मग, कोबी अगदी शेवटी. तेल पडलं की तिचा हात थांबत नाही आणि तिला हाक मारली तरी ऐकू जात नाही. झाकण नाही, पाणी नाही. वरून पनीर, भाजलेले तीळ, मिरपूड, लिंबू. आणि मीठ सगळ्यात शेवटी.

… का शेवटी? अगं, तेच मला कळलं नव्हतं. एकदा मी मोठेपणा केला, मधेच मीठ घातलं आणि झाकण ठेवलं. भाजीनं एवढं पाणी सोडलं, की तुझ्या घरच्या भाजीसारखी झाली. … राग कशाला येतो? खरं तेच सांगते. तिनं पाणी निथळून काढलं, गॅस मोठा केला, जेवढी वाचली तेवढी वाचवली. असल्या चुकीला तुझ्या आईनं मला आठ दिवस ऐकवलं असतं. … हो, हो, देवमाणूस होती, माहीत आहे. ऐकवलं असतं तरी.

… आं? … दुसऱ्यांदा का परत पाठवलं मग? … अगं… शरीर आहे ते, बटण दाबलं आणि दिवा लागला असं थोडंच असतं. … हो, महिनाभर तेच खात होते. … हो गं. … जाऊ दे ना आता. झालं ना काम.

… काय म्हणालीस? … थांब, तो बोअरवाला थांबू दे… हां. परत बोल. … तू फोन केलास? श्रीविद्याला? मला सोडून तिला? … आणि काय बोललीस?

… 'माझ्या भावाला उपाशी ठेवून आंधळा करतेस.' … असं बोललीस तू तिला.

… वार कुठला होता? … आठव. … मुंजीहून परत आल्यावर, म्हणजे गेल्या महिन्यातला तो रविवार.

… रविवार.

… थांब, वार मोजतेय बोटांवर.

… मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती बोललीच नाही घरात. नवऱ्यालाही, आमच्या गुरुदत्तलाही बोलली नसणार, नाहीतर त्यानं घर डोक्यावर घेतलं असतं. … ती काय म्हणाली तुला? शब्द न शब्द सांग. … 'आत्या, चूक माझीच झाली. शेवट करायचा राहून गेला होता. आता करते.' … एवढंच? माझं नाव नाही काढलं? … नक्की? … बरं.

… वसू, थांब. बसते जरा खुर्चीवर. ऐक. मी सांगेपर्यंत मधे बोलू नकोस.

तुझ्या अण्णांना मी रोज रात्री दहीभात देत होते.

… बघ. बघ, तूही तेच म्हणालीस. दहीभात ना, मग त्यात काय एवढं. मलाही तसंच वाटत होतं. भात म्हणजे साराबरोबरचा भात, डाळ-भाजीच्या हुळीबरोबरचा भात. दहीभात म्हणजे जेवणाचा शेवट. तो खाल्ल्याशिवाय आपल्यात ताटावरून कोण उठलंय? तुझे अण्णा ती सगळी भाजी मुकाट्यानं खायचे, पण उठायचे नाहीत. ताटाच्या कडेला बोट फिरवत बसायचे. मला बघवेना. नऊला श्रीविद्याचा ऑफिसचा फोन असतो, परदेशातल्या लोकांशी. ती खोलीत गेली आणि दार लागलं की हे घसा खाकरायचे. की मी चांदीच्या वाटीत वाटीभर कालवून न्यायची. … वाटीभर म्हणजे, आता, दाबून भरलेली वाटी.

… तिला कुठून सुचणार? ती निपाणीकडची. त्यांच्यात भाकरी संपली की जेवण संपलं, हात धुवायचे. महिनाभर ती रोज सकाळी यांच्या बोटाला टोचायची, आकडा वहीत लिहायची, आणि आकडा काही हलायचा नाही. तिनं गाजर बंद केलं. मग दाणे बंद केले. मग पनीर कमी केलं. यांना विचारायची, बाबा, भात खात नाही ना? हे छातीवर हात ठेवून सांगायचे, नाही. खोटं बोलत नव्हते गं. त्यांच्या लेखी ते खातच नव्हते.

… आणि दुसऱ्यांदा डॉक्टरांनी परत पाठवलं त्या संध्याकाळी ती गुरुदत्तला म्हणाली, 'माझंच काहीतरी चुकतंय.' मी देवापुढं वात सारखी करत होते. माझ्या कानांनी ऐकलं. तेव्हा तरी डोक्यात प्रकाश पडावा की नाही? पडला. तुझ्याशी खोटं कशाला बोलू? पडला, आणि मीच तो विझवला. या वयात सुनेपुढं उभं राहून चुकले म्हणायचं… जीभ वळेना. दुनियेला बोलायला वळते ती.

… हो. विचारतेस ते बरोबर आहे. त्यानंतरही दोन दिवस दिला.

… मग गुरुवार. त्या दिवशी तिकडचा माणूस फोनवर आलाच नाही. ती पाणी प्यायला स्वयंपाकघरात आली, आणि मी अशी उभी, वाटी हातात, बोटं दहीभातात. आता तू मला ओळखतेस. मनात म्हटलं, हिला एक शब्द बोलू दे, दहा परत देईन. तिनं वाटीकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. आवाज चढला नाही, काही नाही. विचारलं, 'आई, याच्याशिवाय बाबांचं जेवण संपत नाही का?' मी म्हटलं, 'या घरात कुणाचंच संपत नाही.' तर म्हणते, 'मग स्वयंपाक माझाच अर्धा होता. शेवट करायचा राहिला.'

… हो. तुला रविवारी म्हणाली, तेच. तेच शब्द.

… आता पुढचं ऐक. शुक्रवारी संध्याकाळी येताना फुलकोबी घेऊन आली. जेवणाची भाजी परतून झाली, तर कढई खाली उतरवेना. फुलकोबी किसला, तांदळाच्या कणीएवढा बारीक. त्याच कढईत घातला, मोठ्या गॅसवर तीन मिनिटं, ओल उडून जाईपर्यंत. ताटात पसरून पंख्याखाली गार केला. मग घट्ट दही, आलं, कोथिंबीर, वरून मोहरी, हिंग, कढीपत्त्याची फोडणी, आणि मीठ शेवटी. मला म्हणाली, तुमची ती वाटी द्या. भरली आणि माझ्याच हातात ठेवली. म्हणाली, 'नऊला दार लावून मी आत जाते. रोजच्यासारखी तुम्हीच न्या. बाबांना तुमच्या हातचाच लागतो.'

… दिसतंय कुठं त्यांना? दोन घास खाल्ले, म्हणाले, 'आज भात मोकळा झालाय.' मी म्हटलं, 'नवा तांदूळ आहे.' … हसू नकोस, मलाही येतं मग. आज महिना झाला, रोज वाटी पुसून खातात आणि समाधानानं उठतात. चौथ्या दिवसापासून वहीतला आकडा उतरायला लागला. परवा मला म्हणाले, याच दुकानातून आणत जा तांदूळ.

… नाही, तू सांगायचं नाहीस. सोमवारनंतर डोळा उघडेल, पट्टी निघेल, आणि मग स्वतःच बघतील वाटीत. घड्याळाची चाकं बघितलेला माणूस आहे, एका नजरेत ओळखेल. तेव्हा ओरडू देत माझ्यावर.

… हो, चांगली आहे. आत्ता कळलं तुला? माझी चूक हिनं आधी स्वतःच्या पदरात घेतली, त्यावर तुझ्या शिव्या घेतल्या, आणि महिनाभर माझ्या घरात तोंडातून शब्द काढला नाही. तुझी आई असती तर… जाऊ दे. मी असते तर तासाभरात सगळ्या जे. पी. नगरला कळलं असतं.

… रविवारी ये की. अण्णांना बघून जा. … नको, पुळियोगरेचा डबा नको. कुठलाच भात नको. येताना एक फुलकोबी आण, ताजा, पांढरा.

… थांब. जिन्यावर पावलं वाजली. … साडेसात झाले, तीच. … नाही, तिला फोन देत नाही. … अगं, माग ना माफी, कोण नको म्हणतंय? उद्या माग. तू माझ्यामागं रांगेत उभी राहा.

… नाही, मीही माफी मागितलेली नाही अजून. महिनाभर तिनं भरलेली वाटी रोज मिरवत नेते, आणि चुकले एवढं म्हणायला तोंड उघडलं नाही. मला वाटलं होतं, झालं, मिटलं. मिटलं कुठं? माझ्यापायी तिनं तुझंही ऐकून घेतलं.

… चपला काढल्या तिनं. हात धुतेय… वसू, आता नको काही. ती कढई तापायला चार मिनिटं लागतात. तेल पडायच्या आत मला बोलून घ्यायचंय, एकदा तेल पडलं की तिला ऐकू जात नाही. … बरं, सरी, सरी. ठेव.