निळा दिवा

बालरोगतज्ज्ञांकडे बाळाला घेऊन बसले होते. शेजारी एक बाई, मांडीवर तापाने मलूल झालेली लेक आणि हातात फोन. स्पीकरवर, ती जिथले कॉम्प्युटर सांभाळते त्या शाळेच्या ऑफिसातले काका.

"काका, सर्व्हरवर काय दिसतंय?"

"पुढचा मोठा दिवा पिवळा झालाय. आत दोन डिस्क, दोन्हींचे दिवे हिरवे."

"स्क्रीनवर?"

"एक नंबरची डिस्क खराब होतेय म्हणे. पहिली ओढू ना?"

"थांबा, हात काढा. ते यंत्र शून्यापासून मोजतं. एक म्हणजे दुसरी."

"शून्यापासून कोण मोजतं गं?"

"ज्याने बनवलं त्याला विचारा. चुकून चांगली डिस्क ओढलीत, तर उद्याचे सगळे निकाल खराब डिस्कच्या भरवशावर राहतील."

"मग मी हातच लावत नाही, बाई."

"लावा. मी इथून खराब डिस्कचा निळा दिवा लावते. लागला?"

"लागला. दुसरीचाच."

"तीच काढा. नवी सरकवा, खट्ट आवाज येईपर्यंत."

"आला. आता हिरवा लुकलुकतोय. बिघडवलं का मी?"

"नाही हो. शेजारच्या डिस्कवरून सगळं उतरवून घेतेय ती. लुकलुकायचा थांबला, की निकाल सुखरूप."

"आणि छोकरीचा ताप?"

"आत्ताच कपाळाला घाम आलाय. उतरतोय वाटतं."

"मग तू तिच्याजवळ बस. मी हिच्याजवळ बसतो."

"बसायची गरज नाही, काका. तिचं ती करते."

"ते ठाऊक आहे. तरी बसतो."