डाव्या बटणावरची पट्टी

मला कारखान्यात सगळे भाऊ म्हणतात. वय ५४ वर्षे, धंदा बाइंडिंग कारखान्यात कटिंग मशीनवर कारागीर, राहणार कारखान्यामागच्या गल्लीत भाड्याच्या खोलीत. आज सकाळी आपण होऊन पोलीस ठाण्यात आलो आहे. विचारल्यावरून सांगतो की,

शाळेच्या योजनेतून दहावीतली एक मुलगी, वय १६, सहा महिन्यांपासून दर मंगळवारी व गुरुवारी दुपारी दोन ते पाच आमच्याकडे काम शिकायला येत असे. बाकीचे दिवस शाळा. मालकांनी तिला माझ्या हाताखाली दिले होते. 'आज शिकले' असे लिहून त्याखाली त्या दिवसाचे काम वहीत मांडायचे व माझी सही घ्यायची, असा शाळेचा नियम होता. मी सही करायचो. वाचत नव्हतो.

मशीनला दोन बटणे आहेत. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच पाते खाली येते, म्हणजे हात आत राहत नाही. पण त्यात कागदांचा गठ्ठा सरकतो व वेळ जातो. म्हणून डावे बटण दाबून त्यावर चिकटपट्टी लावायची, डाव्या हाताने गठ्ठा धरायचा. आमच्याकडे कित्येक वर्षे असेच चालते.

पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली, "भाऊकाका, पुस्तकात तर दोन्ही हात बटणावर ठेवा असं दिलंय." मी म्हणालो, "मग पुस्तकालाच घेऊन ये कापायला." सगळे हसले. तिला इन्स्पेक्टरबाई नाव पडले. तीही हसली. पुन्हा तिने विचारले नाही. त्या हसण्याची मला लाज वाटते.

काल गुरुवारी पावणेचारला चहा आला. एक गठ्ठा उरला होता. "एवढा मारून घे, आलोच," असे सांगून मी बाजूला गेलो. कप उचलला तेवढ्यात आवाज झाला. मशीन मी बंद केले. डाव्या हाताची चार बोटे. ती ओरडली नाही. "काका, गठ्ठा वाकडा गेला का?" असे तिने विचारले.

दवाखान्यात तिची आई आली. "कुठला हात?" एवढेच विचारले. मी सांगितल्यावर त्या जमिनीवरच बसल्या. मुलगी डावखुरी आहे. परीक्षेला एकोणीस दिवस आहेत.

संध्याकाळी मालक मला म्हणाले, "पट्टी पोरीनंच लावली म्हणून सांग. वय अल्लड आहे, पटेल लोकांना. आणि ती वही फाडून टाक." मी बरं म्हणालो. माझी नोकरी एकोणतीस वर्षांची आहे.

आज सकाळी फाडायला तिची मशीनपाशी राहिलेली वही काढली आणि पहिल्यांदा वाचली. पहिल्या आठवड्याच्या पानावर लिहिले आहे : 'आज शिकले : डाव्या बटणाला चिकटपट्टी लावतात. भाऊकाकांनी स्वतः लावून दाखवली. पुस्तकात चूक असेल.' खाली माझी सही आहे.

कालच्या पानावर 'आज शिकले' एवढेच आहे. पुढे कोरे आहे. खाली माझी सही आहे. ती मी दुपारी दोनलाच करून ठेवली होती.

पट्टी मी लावली. मुलीची काही चूक नाही. वही जमा करीत आहे.

हा जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला. त्यानंतर तो मागून घेऊन मी स्वतः पुन्हा वाचला. सांगितला तसाच उतरला आहे. ही सही वाचून करीत आहे.