इंजिनासाठी रबराची पट्टी

"भर मे महिन्यात या यवतमाळवरून थंड इंजिनाचं विमान उडेल, लिहून ठेव!"

लोहाऱ्यातल्या रबराच्या दुकानात नरहरराव गरजले. रांगेत मागे उभ्या असलेल्या एक बाई आदराने दोन पावलं मागे सरकल्या.

"काका, हळू बोला, लोकं हसून राह्यले," सोबतचा भारत मेकॅनिक म्हणाला. "तुमचं ते जुनं छोटं विमान तर तुम्ही कालच इकलं."

"विकलं म्हणून काय? इंजिनाभोवतीच्या रबराच्या पट्ट्या फाटल्यात त्याच्या. हवा सिलिंडरवरून जायची ती बाजूनं निसटते आणि इंजिन तापतं. नव्या लावल्या की गार."

"पण ते घेणारा पांढरकवड्याचा ढाबेवाला उडवणार हाय काय? त्याले गिऱ्हाइकायच्या फोटोसाठी पाह्यजे."

"स्वानंद म्हणाला होता, बाबा, सुट्टीत आलो की दोघं मिळून पट्ट्या बदलू."

"काका, स्वानंदभाऊले जाऊन वर्ष झालं."

"मला सांगतोस? मीच अग्नी दिला त्याला."

"मंग हे काहून घेता? ते इंजिन आता कोनी चालूच नाही करणार."

नरहररावांनी हातातली नवी पट्टी एकदा ताणून पाहिली. मग त्यांनी ती दुकानदाराला परत दिली.

"बरं, मग त्या ढाबेवाल्याला तेवढं सांग. विमान सावलीत उभं कर म्हणावं."