बाविसावा महिना

मुरलीधर : सापडली. मी म्हणत नव्हतो?

वीणा : काय सापडलं? पोहे दुसऱ्यांदा गरम केलेत मी.

मुरलीधर : चूक. नबिलाच्या कागदात. आणि एक नाही, सात. पोरीला जन्मतारखा वाचता येत नाहीत आणि निघाली अमेरिकेला शहाणपण शिकवायला.

वीणा : नबिला म्हणजे तुमच्या डिस्पॅचमधल्या बदरुद्दीनभाईंची? आपली?

मुरलीधर : ‘आपली’ वगैरे राहू दे. कोलमनसाहेबाची आहे ती आता. अकरा वर्षं मी इथं रास अल खैमाला त्याच्या कारखान्यात टाइल तपासतोय, माझ्या टेबलाशी तो कधी टेकला नाही. ती मंगळवारी बापाबरोबर आली, तर हा खुर्ची ओढून बसला. चहा मागवला. मला कायम कागदी कपात. तिला बशीसकट.

वीणा : बशी बरी दिसली तुम्हाला.

मुरलीधर : क्वालिटी कंट्रोलला आहे मी. दिसतं.

वीणा : पण हे नक्की चाललंय काय? फुटबॉलचं ना?

मुरलीधर : अमेरिकेतला फुटबॉल. हातानं खेळतात.

वीणा : मग फुटबॉल का म्हणतात?

मुरलीधर : मी विचारलं नाही, साहेब आहे तो. त्याचा भाऊ तिकडे एका टीममध्ये खेळाडू पारखायच्या नोकरीला आहे. कॉलेजात खेळणारी पोरं उद्या मोठ्या टीम पाळीपाळीनं निवडून घेणार. त्यात रिसीव्हर म्हणून असतात, लांबून फेकलेला चेंडू पळत जाऊन झेलायचा. असे सोळा जण. त्यातला खरा कोण, ते नुसत्या आकड्यांवरून सांगायचं.

वीणा : म्हणजे स्थळं बघायची. फोटो आणि पत्रिका.

मुरलीधर : फोटो बघायचाच नाही, तीच तर माझी पद्धत. ते लोक उंची बघतात, पळणं बघतात. मी बघतो, टीमनं मोसमात चेंडू फेकून जेवढं अंतर कापलं त्यात ह्या पोराचा वाटा किती. आणि तो वाटा पहिल्यांदा तीस टक्क्यांवर गेला तेव्हा पोराचं वय काय होतं. एकोणिसाव्या वर्षी जमलं तो अस्सल. बाविसाव्या वर्षी कुणालाही जमेल, समोर सगळी लहान पोरं.

वीणा : हे तुम्ही काढलंत? छान आहे हो.

मुरलीधर : मी काढलं. तिनं उचललं. फरक एवढाच, तिनं कॉम्प्युटरवर रंगीत केलं. साहेब म्हणाला, ‘मुरली, तिचं तपासून दे. सहाला एकच शीट फॅक्स करणार.’ खाली एकच नाव जाणार, वीणा. अमेरिकेला.

वीणा : म्हणून सकाळपासून तिची चूक शोधताय.

मुरलीधर : तपासतोय. आण तो फोन इकडे.

वीणा : आधी तिला विचारा. येतेच आहे ती, शहनाझभाभींनी डबा पाठवलाय.

मुरलीधर : सुटीच्या दिवशी स्वतः डबा घेऊन येते. कळतात मला असले डबे.

(बेल वाजते. नबिला आत येते. एका हातात डबा, दुसऱ्या हातात गाडीची किल्ली.)

नबिला : काकू, अम्मीनं सांदण दिलंय. गरम आहे अजून. काका, सॉरी, मध्येच आले. तुमचं झालं का चेक करून?

मुरलीधर : झालं. बस. मला आधी सांग, हा तुझा पहिल्या नंबरचा, कॅन्ससचा पोरगा. जन्मतारीख काय?

नबिला : पाच डिसेंबर एटी.

मुरलीधर : हा साहेबानं दिलेला कागद. काय छापलंय? बारा, पाच, ऐंशी. बारा मे. तुझ्या हिशोबानं तो एकोणीस वर्षांचा असताना चमकला. प्रत्यक्षात वीस झाली होती. अशा सात तारखा आहेत. सोळांतल्या सात, नबिला.

नबिला : आणि बाकीच्या नऊ, काका?

मुरलीधर : त्या बरोबर आहेत. माझ्याशी जुळतात.

नबिला : हा ओहायोचा बघा. दहा, बावीस, ऐंशी. ह्याचं तुम्ही काय केलं?

मुरलीधर : ती छापण्यातली चूक. बाविसावा महिना नसतो. मी उलटी करून घेतली, बावीस ऑक्टोबर.

नबिला : अशा किती उलट्या केल्या?

मुरलीधर : नऊ.

वीणा : सोळांत नऊ छापण्यातल्या चुका?

मुरलीधर : तू पोहे बघ.

नबिला : काका, ते लोक महिना आधी लिहितात. सगळेच. दिवस नंतर.

मुरलीधर : कुठले लोक?

नबिला : अमेरिकन.

मुरलीधर : महिना आधी का लिहील कुणी? घराचा पत्ता सांगताना आधी गाव सांगतो का आपण?

नबिला : आय नो. पहिल्यांदा माझं पण तुमच्यासारखंच झालं होतं. मग तो बाविसावा महिना दिसला.

मुरलीधर : मग?

नबिला : मग मला वाटलं, चूक माझीच असणार.

वीणा : अहो, बोला काहीतरी.

मुरलीधर : थांब. मोजतोय.

नबिला : मंगळवारी तुमच्या टेबलावर तुमची शीट बघितली होती मी. तुमचा पहिला नंबर, दोन अकरा ऐंशी. तो दोन नोव्हेंबर नाही काका, अकरा फेब्रुवारी. तो सहावर जातो. मी बाकी कशाला हात नाही लावला. फक्त सात तारखा बदलल्या की तुमची शीट आणि माझी सेम होते. म्हणूनच आले. तुम्ही बदलून घ्या, मी मिस्टर कोलमनना काही नाही बोलणार. प्रॉमिस.

मुरलीधर : बाबाला सांगितलंस?

नबिला : नाही. अब्बांनी सगळ्या डिस्पॅचला सांगितलं असतं.

मुरलीधर : तेवढं बरं केलंस.

वीणा : फोन वाजतोय. घेताय ना?

मुरलीधर : हॅलो. येस सर. गुड आफ्टरनून सर… येस सर, चेक्ड. फुल चेक… नो सर. नो मिस्टेक. आय चेक्ड सिन्स मॉर्निंग, सर, आय ट्राइड… माइन? माइन इज रिजेक्ट, सर. सेव्हन पीसेस. होल पॅलेट रिजेक्ट… येस, हर शीट. हर नेम ओन्ली… थँक यू, सर.

नबिला : काका, का? पद्धत तुमची आहे.

मुरलीधर : तीन टाइलना तडा दिसला तरी मी अख्खं पॅलेट परत पाठवतो. सात माझे होते म्हणून काय पोटात घालू?

नबिला : पण तुमचं पण नाव हवं. मी सांगते त्यांना, दोघांचं टाका.

मुरलीधर : काही सांगू नकोस. आणि तो ओहायोवाला तू चौथा धरलायस, तो तिसरा हवा.

नबिला : शून्य पॉइंट दोनचा फरक आहे, काका.

मुरलीधर : असू दे. मला तो तिसरा वाटतो.

नबिला : मी परत बघते. खरंच बघते. येऊ मग? काकू, डबा संडेला न्यायला येईन.

वीणा : सावकाश जा गं. अम्मीला सांग, फोन करते म्हणून.

मुरलीधर : गेली?

वीणा : गेली. चांगलं केलंत तुम्ही.

मुरलीधर : तिचा ओहायोवाला चौथाच बरोबर आहे.

वीणा : मग कशाला पाठवलंत पोरीला परत मोजायला?

मुरलीधर : तेवढाच तासभर जाईल तिचा.

वीणा : किती वर्षं गणित शिकवत होता हो तुम्ही तिला?

मुरलीधर : पाचवी ते बारावी.

वीणा : आठ वर्षं.

मुरलीधर : दहावीला थांबायला हवं होतं.