तळेवाडीचा नवा बाप

हॅलो? … हॅलो, साहेब? मी शिवकांता बोलायले, टँकरच्या कॉम्प्युटर प्रोग्रामवाली. साहेब, तुम्ही ऐन दुष्काळात आमच्या तळेवाडीचा बाप बदलला आणि गाव तहानेनं मारायलाव!

…शिवी न्हाई हो देत! प्रोग्राममधली गोष्ट हाय. बाप म्हंजे… अहो, ऐका ना. प्रोग्राममध्ये गावाला स्वतःचं काहीच येत न्हाई. टँकर मागवणं, फेरी लावणं, टँकर फाटकातून सोडायचा नंबर काढणं, सगळं जिल्ह्याकडून वारशानं येतं. म्हणून जिल्हा हा गावाचा बाप. … हाव, परवापर्यंत लातूर होता. काल तुमचा नवा जिल्हा झाला.

…मुबारक हो. पण मी म्हटलं होतं की न्हाई? आधी नव्या जिल्ह्यात सगळी कामं लिहू द्या, मग प्रोग्राम बंद करून बदलू. तुम्हाला उद्घाटनाच्या स्टेजवरच पाहिजे होतं. पाहुण्यांनी कळ दाबली, चालत्या प्रोग्राममध्ये बाप बदलला, टाळ्या!

…हो, हो, प्रोग्रामची भाषा चालू असताना बाप बदलू देते. लई मोकळी भाषा हाय ती. दार उघडं हाय म्हणून चालत्या एस्टीतून उतरायचं का?

…काय बिघडलं? तुमच्या नव्या जिल्ह्याला एकच काम येतं. … सत्कार! तेवढंच लिहून झालं होतं, कार्यक्रमापुरतं. तळेवाडी टँकर मागते, अन् ह्या बापाला टँकर हा शब्दच मालूम न्हाई.

…स्क्रीनवर लाल एरर काहीच न्हाई? कसं दिसंल! तुमच्या ऑफिसातल्या विरूपाक्षनं सकाळी प्रोग्राममध्ये ओळ घुसवली ना, जे काम येत नसंल त्याला 'कार्यवाही सुरू आहे' म्हणायचं. … हुशार? हसायलाव का साहेब? सरपंच गंगम्माला सकाळपासून तेच उत्तर जाऊन राहिलं. ती मला विचारायली, "पोरी, ही कार्यवाही घागरीत धरायची का चरवीत?"

…भरलाय की टँकर! डायव्हर निवृत्तीभाऊ तो घेऊन पाणी भरायच्या केंद्राच्या फाटकावर उभे हायत. नंबर निघाल्याबिगर फाटक उघडायचं न्हाई, हुकूम तुमचाच. टाकीचा तळ गळका. पाणी रस्त्यावर चाललंय, कुत्री पिऊन राहिलीत.

…इलाज? एका ओळीचा. नाव नव्या जिल्ह्याचंच राहू द्या. फक्त नव्या जिल्ह्याचा बाप लातूर करू. नव्याला जे येत न्हाई, ते लातूरकडून घेईल. प्रोग्राम बंदसुद्धा करायला नको, आत्ता…

…काय? … इज्जत? … लातूरला बाप म्हणायचं न्हाई? … काका? साहेब, ह्या भाषेत काका नसतो! … मोठा भाऊ पण नसतो! भावाकडून वारसा कसा यील?

…कोण वाचणार हाय ती ओळ? तुम्ही, मी अन् विरूपाक्ष. … पेपरात यील? पेपरात गंगम्मा यील, रिकामी घागर घेऊन!

…सोमवारी बैठक? … थांबा, निवृत्तीभाऊंचा मेसेज आलाय. टाकी अर्धी झाली म्हणायलेत.

न्हाई, ठेवू नका! तुमच्या पासवर्डाबिगर मला ओळ टाकता येत न्हाई. … गोल गोल बोलू नका, साधं विचारायले. तळेवाडीला पाणी पाजणारा बाप पाहिजे का हार घालणारा? … हॅलो? … साहेब, जवाब द्या! … हॅलो?