शिखराचं टोक

जळगाव स्टँडवर चोपडा गाडीच्या रांगेत भूपेंद्रच्या मागे एक आबा आणि त्यांची पुण्यात गणितात संशोधन करणारी पुतणी उभी होती. भूपेंद्रने मान वळवली नाही. कान मात्र तिकडेच होते.

“रत्ना, देवळाच्या शिखराचं टोक पडलं. तू बसवशील, असं मी सभेत सांगून बसलोय. बठ्ठं गाव, लहानथोर सगळे, मांडवात जमेल शे. आता तोंडघशी पाडू नको.”

“आबा, मी गवंडी आहे का?”

“दिवाळीत तूच म्हणालीस, शंकूचं टोक काढून तिथे गोल बसवते.”

“कागदावर! आणि तिथलं अंतर अशा मापाने मोजायचं, की लांबून तो मूळचा शंकूच वाटावा.”

“आम्हालाही लांबूनच पाहायचंय.”

“माझा शंकू सहा मितींचा आहे!”

“मग आपलं शिखर तर लहानच शे.”

“अहो, मी काही बांधलेलं नाही. असं माप असतं, एवढंच सिद्ध केलंय.”

“असतं ना नक्की?”

“नक्की.”

“मग आण की.”

“हातात अजून कोणाच्याच आलेलं नाही.”

आबांनी गावाकडे मांडव सांभाळणाऱ्या भिकाला फोन लावला.

“भिका, मांडव सोडू नको. टोक शे, हे पुण्यात सिद्ध झालंय. कुठे शे, तेवढं गावानं शोधायचं.”