टेम्पोच्या तोंडाला फडकं

ड्रायव्हर लोक गाडीला जपत नाहीत म्हणता ना, मग शेलार गावच्या जनूभाऊचं ऐका. तो कामतघरच्या लूममधून, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यातून, कापडाचे तागे वाहतो. एकदा काळाकुट्ट धूर सोडतच टेम्पो माझ्या गॅरेजात घेऊन आला.

"मिस्त्री, गाडीत जोरच न्हाय राहिला. रिकामी असून पुलावर चढत न्हाय. नोझल साफ केले, डिझेल फिल्टर बदलला, तरी धूर तसाच."

म्हटलं, "काळा धूर म्हणजे डिझेल पोचतंय, हवा कमी पडतेय."

बघतो तर हवा ओढणाऱ्या पाइपाच्या तोंडाला जुन्या लुगड्याचं चौपदरी फडकं, सुतळीने करकचून बांधलेलं. वर कापसाच्या धुळीचा थर, गोधडीएवढा जाड. माझं डोकंच फिरलं.

"हे कुठल्या शहाण्याने बांधलं?"

जनूभाऊ ओशाळला. "मीच. लूममधे कापूस लई उडतो. बायकोनी दिलं होतं, तोंडाला बांधायला."

"तुझ्या तोंडाला की गाडीच्या?"

"माझ्याच. पन मी खोकत खोकत बी काम करीन. ही बसली तर घर बसंल."

मी फडकं सोडलं, सेल्फ मारला. धूर गायब! म्हटलं, "जनूभाऊ, ऐक, आता कशी मोकळी चालतेय."

दोघं कान देऊन उभे राहिलो. पण त्याच्या खोकल्यापुढे इंजिन काही ऐकूच येईना.